तळवेकाकांच्या पायाची खात्री

फरशीच्या त्या वखारीत त्यांना सगळे तळवेकाका म्हणत. नव्या गिऱ्हाइकाला ते आडनावच वाटे. एका इंजिनिअरने तर दोन वर्षं त्यांना ‘श्री. तळवे यांस’ म्हणून चिठ्ठ्या पाठवल्या, आणि काकांनीही कधी खुलासा केला नाही. खरं आडनाव हजेरीच्या वहीपुरतं उरलं होतं.

नाव पडलं ते पायांमुळे. विशीच्या आतच ते वखारीत हमाल म्हणून लागले. दगड कापायच्या मशिनीखाली कायम पाणी आणि भुकटीचा पातळ चिखल असे. त्यात चप्पल घालून लादी उचलणारा हमखास आपटे, म्हणून सगळेच अनवाणी. पण बाकीचे चालत आणि विसरून जात. यांचे पाय लक्षात ठेवत. कुठला दगड उन्हात किती तापतो, कुठला ओला झाला की साबणासारखा निसटतो, कुठल्याची कणी सुटून बोचते, हे सगळं त्यांच्या तळव्यांत जमा होत गेलं. डोळ्यांवर फडकं बांधून ते फरशांवरून चालत आणि दगड ओळखून दाखवत. सोबतचे हमाल पैज हरत आणि मुकाट्याने चहा पाजत.

पुढे त्या शहरात लोक घराच्या आवारात पोहण्याचे तलाव बांधू लागले, आणि काकांच्या पायांना दिवस आले. येणारं प्रत्येक गिऱ्हाईक मोबाइलमध्ये फोटो घेऊन येई. फोटोत पाणी निळंशार, काठ काळाभोर आणि आरशासारखा चकचकीत. काका फोटो नीट बघत, चांगला आहे म्हणत आणि विचारत, “फोटोत माणूस का नाही हो एकही?” गिऱ्हाईक गोंधळलं की ते समजावून सांगत. माणूस पाण्यात असतो अर्धा तास, बाकीचा वेळ काठावर. पडतो तोही काठावरच. म्हणून पाण्याचा रंग नंतर, आधी पायाखाली काय ते ठरवा.

वखारीच्या मागच्या मोकळ्या जागेत त्यांनी बारा प्रकारच्या फरशांची एक वाट लावून घेतली होती. प्रत्येक फरशी चार माणसं उभी राहतील एवढी, मध्ये पाण्याचा एक पसरट हौद. गिऱ्हाइकाने भर दुपारी दीड वाजता यायचं, चपला काढायच्या, पाय ओले करायचे आणि काकांच्या मागोमाग चालायचं. कुणी म्हणालं की ऑफिस सुटल्यावर संध्याकाळी येतो, तर ते नको म्हणत. संध्याकाळी सगळेच दगड सभ्य असतात, असं त्यांचं म्हणणं.

चालून झालं की एका फरशीवर थांबून ते सांगत, “ही घ्या. पायाची खात्री आहे.” तिथे विषय संपे. गवंडी, आर्किटेक्ट, वखारीचे मालक, कुणीच त्यापुढे शब्द काढत नसे.

काका एकोणसाठ वर्षांचे असताना एका दुपारी दातांच्या एक डॉक्टरबाई आपल्या आईला घेऊन आल्या. आईचं वय शहात्तर. उभा जन्म टायपिंगचे क्लास चालवण्यात गेलेला, त्यामुळे पाठ ताठ आणि बोलणं तोलूनमापून. दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झाली होती आणि रोज पाण्यात चाला असा सल्ला मिळाला होता, म्हणून डॉक्टरबाई घरामागे लहानसा तलाव बांधत होत्या. आजींना ती थेरं पसंत नव्हती. चालायला रस्ता आहे की, असं त्यांनी काकांना आल्या आल्या ऐकवलं.

डॉक्टरबाईंच्या मनात गडद राखाडी ग्रॅनाइट भरला होता. त्याच्या काठाने पाणी कसं खोल, डोंगरातल्या तळ्यासारखं दिसतं, हे त्या रंगून सांगत होत्या. काका त्या गडद फरशीवर जाऊन उभे राहिले. पृष्ठभागावर ज्योत मारून तो खरखरीत केलेला आहे, म्हणजे निसरडा नाही, कड ‘हाफ राउंड’, म्हणजे अर्धगोल मारून घेता येईल, म्हणजे पोटरीला लागणार नाही, असं सगळं त्यांनी सावकाश सांगितलं. मग म्हणाले, “आणि ग्रॅनाइट असूनसुद्धा हा फारसा तापत नाही.”

आजींनी काठी टेकवून उजवा पाय त्या फरशीवर ठेवला आणि लगेच मागे घेतला. तोल गेला असता, पण लेकीने धरलं. आजी चिडल्या नाहीत. त्या काकांच्या पायांकडे बघत राहिल्या.

“अहो तळवे,” त्या म्हणाल्या, “तुम्ही केव्हाचे उभे आहात त्याच्यावर?”

काकांनी खाली पाहिलं. डॉक्टरबाईंनी वाकून फरशीला बोटं लावली आणि झटकन उचलली. मग त्यांनी काकांना सावलीतल्या बाकावर बसवलं आणि तळपाय दाखवायला सांगितलं. काकांना अवघडल्यासारखं झालं. बाईमाणसाने आपला पाय हातात घ्यावा हे त्यांना बरं वाटेना. पण बाईंचा आवाज दवाखान्यातला होता. डाव्या टाचेत दगडाची एक कपची रुतून बसली होती, भोवतीची कातडी पांढरी पडली होती. उजव्या चवड्याखाली ताजा फोड उठत होता.

“काका, हे कधीचं आहे?”

“काय कधीचं?” काका म्हणाले.

म्हणजे त्यांना खरंच माहीत नव्हतं. किंवा असंही म्हणता येईल की माहीत होतं, पण त्या माहितीला त्यांनी घरात घेतलं नव्हतं. पायातली चप्पल वाटेतच गळून पडायची आणि ते चार पावलं पुढे गेल्यावर मागून कुणीतरी हाक मारायचं. बायको दोनतीनदा म्हणाली होती की फरशीवर रक्ताचे ठसे आहेत, बघा कुठे लागलंय का. त्यांनी हसण्यावारी नेलं होतं. मधुमेहावरच्या गोळ्या सहा वर्षांपूर्वीच सुरू झाल्या होत्या. त्या ते आठवतील तेव्हा घेत.

डॉक्टरबाईंनी त्यांना ओळखीच्या डॉक्टरांकडे पाठवलं. त्या डॉक्टरांनी डोळे मिटायला सांगितले. हातात नायलॉनचा एक बारीक धागा होता. तो तळव्याला लागला की ‘हो’ म्हणायचं. काका म्हणाले, हो. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, हो. असं सातआठ वेळा झाल्यावर त्यांनी डोळे उघडले, आणि पाहतात तर डॉक्टर धागा टेबलावर ठेवून स्वस्थ बसलेले. ते नुसते अंदाजाने, तालावर हो म्हणत गेले होते.

यापुढे एक पाऊलही अनवाणी टाकायचं नाही, घरातसुद्धा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. जाड तळाचे बंद बूट, रोज रात्री आरशात तळपाय बघायचे, गोळ्या वेळेवर. काका मान डोलावत होते, पण डोक्यात दुसरंच चाललं होतं. धाग्याला मी जसा हो म्हणालो, तसा गिऱ्हाइकांना किती दिवस म्हणत आलो?

दुसऱ्या दिवशी बूट घालून ते वखारीत गेले आणि मालकांना सगळं सांगितलं. मालक काही वाईट माणूस नव्हते. काकांच्या हाताखाली ते धंदा शिकले होते, एकट्यात त्यांना अजूनही अहोजाहो करत. त्यांनी खुर्ची पुढे ओढली, पाणी दिलं आणि म्हणाले की तब्येत आधी सांभाळा. आणि हे कुणाला सांगत बसू नका. चाळीस वर्षांचा अनुभव आहे, दगड तर तेच आहेत. पाय नसले तरी डोकं आहे. बूट का घातले विचारलं तर टाचदुखी म्हणा.

“डोकं आहे म्हणून तर सांगतोय,” काका म्हणाले. “ग्रॅनाइट तापत नाही म्हणालो मी, ते डोक्यानेच म्हणालो. पूर्वीचा माल वेगळा होता. हा नवा माल कसा आहे ते मला कळलेलंच नाही.”

मालक आठवडाभर घुश्श्यात होते. मग त्यांनी लांबूनच तापमान दाखवणारं एक यंत्र मागवलं, पिस्तुलासारखं. काकांनी ते वापरून पाहिलं. आकडा दिसत होता, पण ओला पाय पडल्यावर दगड धरतो की सोडतो हे यंत्र सांगेना. शिवाय आकडा एकच, आणि पाय तर प्रत्येकाचे निराळे. त्यांनी ते यंत्र खिळ्याला अडकवून ठेवलं.

घरी काकूंनी सगळं ऐकून घेतलं. घरबसल्या शाळेचे गणवेश शिवून त्यांनी संसाराला हातभार लावला होता. मशीन थांबवून ऐकण्याची वेळ त्यांच्यावर सहसा येत नसे. ठसे कधीपासून दिसत होते, असं काकांनी विचारलं. दोन वर्षं तरी झाली असतील, त्या म्हणाल्या. काकांनी बोटांवर मोजून पाहिलं. त्या दोन वर्षांत पाच घरांच्या तलावांना त्यांनी पायाची खात्री दिली होती.

“मला जाऊन बघायला हवं,” ते म्हणाले. मग थांबले. “पण मी बघणार कशाने?”

काकूंनी दोरा दाताने तोडला. “मी येते की. माझे पाय शाबूत आहेत.”

सुट्टीच्या दोन दिवसांत त्यांनी पाचही घरं केली. लग्नाला छत्तीस वर्षं झाली होती, पण काकांनी निवडलेला एकही दगड काकूंनी कुठल्या घरात बसलेला पाहिला नव्हता. मोठमोठी फाटकं बघून त्या जरा बावरायच्या, पण चपला काढल्या की भीड जायची. काका बुटांत उभे, आणि काकू तलावाभोवती सावकाश फेरी मारतायत, असं ते दृश्य होतं. काका विचारत, कसा लागतो? आणि काकूंना दगडाचे शब्दच येत नसत. त्या कापडात सांगत. हा मांजरपाट आहे, कोरा. हा धुऊन धुऊन मऊ झालेल्या सुती कापडासारखा. इथे शिवण सुटलीय, म्हणजे दोन फरशांतला सांधा उघडा पडलाय. काका आधी वैतागले. मग तिसऱ्या घरापर्यंत त्यांना ती भाषा कळायला लागली, आणि बायको इतकं नेमकं बोलते हे आपल्या आजवर कधी ध्यानातच आलं नाही याचंही त्यांना नवल वाटलं.

चार घरं ठीक निघाली. एका ठिकाणी मिठाच्या पाण्याने मऊ दगडाचे पापुद्रे सुटत होते, पण ते काकांनी तेव्हाच बजावून ठेवलं होतं. पाचवं घर खेळण्यांचं दुकान असलेल्या एका गृहस्थांचं. तिथे तलावाच्या काठाने जुनी पायपुसणी एकापुढे एक मांडून ठेवली होती. काकूंनी पायपुसणं बाजूला सारून पाय ठेवला.

“इस्त्री बंद करून पाच मिनिटं झाली की कशी असते,” त्या म्हणाल्या, “तशी.”

काकांनी त्या गृहस्थांना सरळ सांगितलं की चूक माझी आहे, माझ्या पायांना कळेनासं झालं होतं आणि तरी मी तुम्हाला खात्री दिली. गृहस्थ रागावले असते तर बरं झालं असतं. ते उलट ओशाळले.

“आम्हाला वाटलं, तलाव म्हटला की असंच असणार,” ते म्हणाले. “तुम्ही सांगितलं होतं ना, तापत नाही म्हणून. मग आम्ही म्हटलं, आपलेच पाय नाजूक आहेत.”

परतताना दोघं बसने निघाले. स्टॉप जवळ आला तेव्हा काका काकूंना म्हणाले की दगड चुकला याचं वाईट वाटतंच, पण दगड बदलता येईल. त्या माणसांनी स्वतःच्या पायांवर विश्वास ठेवला नाही, माझ्यावर ठेवला. त्याचं काय करू?

दगडाचं त्यांनी केलं. वखारीच्या मागे फिक्या रंगाच्या दगडाचे कापून उरलेले तुकडे पडले होते. मालकांनी जरा कुरकुर करून ते नेऊ दिले. नेहमीच्या गवंड्याने त्या घरच्या तलावाभोवतीच्या तापणाऱ्या फरशीच्या दोन ओळी उखडल्या आणि दारापासून तलावाच्या पायऱ्यांपर्यंत फिकी पायवाट बसवून दिली. लहानमोठे तुकडे जुळवायला दोन दिवस लागले. गृहस्थांनी पायपुसणी उचलून घरात नेली.

इकडे डॉक्टरबाईंच्या तलावाचं खोदकाम पुरं होऊन आतला गिलावाही वाळला होता. काठाचा निर्णय अजून अडकला होता. काका त्यांच्या घरी गेले आणि म्हणाले की मी आता खात्री देत नाही. त्या वाटेवरून तुम्ही चाला, आजींना चालू द्या, मी नुसता बाजूला उभा राहीन.

आजी तीनदा वखारीत आल्या. एकदा दीड वाजता, एकदा सकाळी, आणि एकदा संध्याकाळी, कारण पाण्यात चालायला त्या संध्याकाळीच उतरणार होत्या आणि दुपारच्या परीक्षेत पास झालेला दगड आपल्या वेळेला कसा वागतो ते त्यांना बघायचं होतं. सभ्य दगडांचं त्यांनी काही ऐकून घेतलं नाही. काका तांब्याने फरशी ओली करून देत, आजी काठी टेकत चालत आणि तपासलेल्या कागदावर शेरा मारावा तसं एकेक मत देत. हा चिकटतो. हा बोचतो, पण धरून ठेवतो. हा लबाड आहे, कोरडा एक आणि ओला दुसरा. काकांना तर हे नवीनच होतं. इतकी वर्षं ते पुढे चालत आले होते. मागून येणाऱ्याला काय वाटतंय हे त्यांनी कधी विचारलंच नव्हतं. सत्तरीपुढचा पाय खरखरीला दबकतो, तो उचललाच जात नाही, घासत पुढे सरकतो, हे त्यांच्या दणकट तळव्यांना कुठून कळणार होतं?

शेवटी आजींनी फिका, बारीक दाण्याचा एक सँडस्टोन पसंत केला. डॉक्टरबाईंचा चेहरा पडला. चहा सांडून वाळलेल्या कागदासारखा रंग आहे, त्या म्हणाल्या. आजी म्हणाल्या, असेना, मी त्याच्यावर टाइप करणार नाहीये. पण मग त्या स्वतःच घुटमळल्या. फरशी फिकी, हौदातलं पाणीही त्या उजेडात फिकं. दुरून पाहताना जमीन कुठे संपते ते दिसत नव्हतं. एका डोळ्याचा मोतीबिंदू काढल्यापासून त्यांना पायरीची कड नेमकी ओळखू येत नसे. ही गोष्ट त्यांनी आजवर लेकीलाही सांगितली नव्हती, ती आता सांगितली. घरातल्या जिन्यावरही त्या आधी काठीने चाचपून मगच पाऊल टाकत.

“आई, तू बोलली का नाहीस?” डॉक्टरबाईंनी विचारलं.

“तू जिना पाडायला निघाली असतीस.”

काका मधे पडले ते इथे. काठावरची फरशी फिकीच ठेवू, कड गोल मारून. पण पाण्याच्या कडेच्या जरा अलीकडे, चार बोटं रुंदीची त्या गडद ग्रॅनाइटची पट्टी सबंध तलावाभोवती बसवू. चार बोटांवर पाय पुरता पडतच नाही, त्यामुळे चटका बसायचा नाही. आणि डोळ्यांना इथे थांबायचं आहे हे लांबून कळेल. डॉक्टरबाईंनी जमिनीवर खडूने पट्टी काढून बघितली, मागे सरकून बघितली, आणि म्हणाल्या की चौकटीसारखं दिसेल, छानच दिसेल. गवंड्याला काकांनी दोन गोष्टी पुन्हापुन्हा सांगितल्या. फरशीचा उतार तलावाकडे नको, बाहेरच्या अंगाला हवा, नाहीतर अंगणाची सगळी घाण पाण्यात. आणि काठ व भोवतालची फरशी यांच्यामध्ये बोटभर फट सोडून ती रबरासारख्या मसाल्याने भर, सिमेंटने नको. तलाव आणि जमीन एकसारखे फुगत नाहीत, सिमेंट तडकतं. गवंडी म्हणाला, काका, पहिल्यांदा सांगितलं तेव्हाच कळलं होतं.

वखारीत आता काका जाड काळ्या बुटांत हिंडतात. नाव काही बदललेलं नाही. बूट घातलेले तळवेकाका बघून नवी गिऱ्हाइकं बुचकळ्यात पडतात. ते त्यांना कारण सांगून टाकतात. मालकांना वाटलं होतं तसं कुणी पाठ फिरवली नाही. काहींना मात्र खरोखर कुणीतरी ‘ही घ्या’ म्हणायला हवं असतं; अशी माणसं थोडी नाराज होऊन जातात. काका त्यांना सांगतात की घरातल्या सगळ्यांना घेऊन या. सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला आधी चालवा.

तलाव भरला त्या आठवड्यात डॉक्टरबाईंनी काका-काकूंना संध्याकाळी बोलावलं. आजी अंघोळीच्या जाडजूड पोशाखात, लेकीचा हात धरून काठापर्यंत आल्या. गडद पट्टीपाशी थांबल्या, खाली पाहिलं, कठड्याला धरून पायऱ्या उतरल्या. छातीइतक्या पाण्यात लेकीच्या सोबतीने त्यांनी एक फेरी मारली, मग दुसरी. तिसऱ्या फेरीला लेकीचा हात सोडला. मग काठावर ठेवलेली काठी जरा लांब सरकवा म्हणाल्या, पाण्यात पडेल.

काका वेताच्या खुर्चीत बुटांसकट बसले होते. काकूंना आजींनीच आग्रह केला, तेव्हा त्या साडी गुडघ्यापर्यंत सावरून काठावर टेकल्या आणि पाय पाण्यात सोडले. दिवसभर मशीन चालवून सुजलेले पाय होते ते.

“कसं आहे?” काकांनी विचारलं.

“गार.”

“ते झालं. बसलीयस त्या फरशीचं विचारतोय. खरखर जास्त आहे का? कडेला धार लागतेय? सांध्यापाशी हात फिरवून बघ जरा.”

काकूंनी डोळे मिटले होते. “धुतलेल्या सुतासारखी आहे,” त्या म्हणाल्या, “आणि आता जरा वेळ मला काही विचारू नका.”